शेवटची चिमूट

ठिपका दिसला तेव्हा नाथा नाखवाने सर्वांत आधी दाराकडे पाहिलं. नवीन गोष्ट दिसली की तिच्याकडे बघण्याआधी ती इथे कुणी आणून ठेवली हे बघायचं, ही त्याची जुनी सवय. दारात कोणी नव्हतं. कल्याणच्या कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा जानेवारीतल्या गुरुवारी दुपारी साडेबाराला जशी असायची तशीच होती, म्हणजे एक पंखा फिरत होता, एक फिरत नव्हता, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर शिपाई बाबुराव डबा संपवून डोळे मिटून दात कोरत होते. नाथाने काचेची बशी पुन्हा उजेडात धरली. बुरशी वाढवायला ओतलेल्या आगारच्या पांढुरक्या, जेलीसारख्या थरावर, कडेपासून बोटभर आत, मोहरीएवढा काळा ठिपका. वास्तविक ठिपका त्याच्या चांगला ओळखीचा होता. असे ठिपके त्याने दोन वर्षं वाढवले होते, मोजले होते, त्यांची नऊ चित्रं काढली होती. प्रश्न एवढाच होता की या बशीत त्याने काही टाकलेलं नव्हतं. ही कोरी बशी होती. बाकीच्या बश्यांत मिठागरातला चिखल टाकायचा आणि एक बशी तशीच ठेवायची, म्हणजे जे उगवलं ते चिखलातूनच उगवलं अशी साक्ष तिने द्यायची. कोऱ्या बशीला आयुष्यात कोरं राहण्यापलीकडे काम नसतं आणि त्यासाठी तिला काही शिकावंही लागत नाही. तरीसुद्धा हिने दगा दिला होता. आजवरच्या कोऱ्या बश्या तो आठवड्यातच धुऊन टाकायचा; ही चुकून राहून गेली होती. नाथाने झाकण लावलं, बशी रुमालात गुंडाळून कपाटात मागे सरकवली आणि मग त्याला वाटलं की बाबुरावांनी एक डोळा उघडून मिटला.

त्या बुरशीची हकीकत अशी. जिथे मीठ असतं तिथे काही जगत नाही म्हणूनच माणसं मासळीला मीठ लावतात. नाथाचा प्रबंध असा की तरीही काहीतरी जगतं. एक्याऐंशी साली त्याने नाव नोंदवलं. पुढे पाच वर्षं कोलशेतच्या खाडीकाठच्या जुन्या मिठागरातून तो चिखल आणत होता आणि त्यातून पुस्तकात आधीच असलेल्या बुरश्या उगवत होत्या, पाहुण्यांनी तेच ते बिस्किटाचे पुडे आणावेत तशा. शहाऐंशीत त्याने आगारातलं मीठ वाढवलं आणि ही काळी उगवली. पाण्यात जेवढं मीठ विरघळतं जवळजवळ तेवढं घालून केलेल्या आगारवर ती आरामात वाढायची आणि साध्या आगारवर मान टाकायची. त्याने तिला भट्टीत ठेवून पाहिलं, ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवून पाहिलं, मे महिन्यात डोंबिवलीच्या गच्चीवर पापडांशेजारी वाळत घालून पाहिलं. ती मेल्यासारखी पडून राहायची आणि मिठावर ठेवली की अकराव्या दिवशी पुन्हा ठिपका. त्याच्या मार्गदर्शक गुप्तेबाई, डॉक्टर उत्तरा गुप्ते, यांनी ठाण्याच्या आपल्या घरी सहा महिने पुस्तकं चाळली आणि एका रविवारी चष्मा काढून म्हणाल्या, "नाखवा, हिचं कुणाशीच नातं जुळत नाही. नवीन आहे. म्हणजे, नवीन असावी असा मला संशय आहे." गुप्तेबाईंच्या तोंडी संशय हा शब्द आशीर्वादासारखा यायचा. नव्या बुरशीला नाव मिळायचं तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये लागतं, ती कुठे सापडली ते लागतं, आणि एक नमुना कायमचा जपून ठेवण्यासाठी द्यावा लागतो. तो मेलेला लागतो. जिवंत चालत नाही, कारण जिवंत वस्तू बदलते. नाथाला हा नियम मनापासून पटला होता. लॅटिन ठाण्याच्या फादर लिओनार्डनी लिहून दिलं. फादर ऐंशीच्या पुढचे, चर्चच्या मागच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत बसायचे, आणि लॅटिन विचारायला बऱ्याच वर्षांत कुणी आलं नव्हतं म्हणून त्यांनी नाथाला केळी दिली. "कुठं गावली ही? ते आधी सांग. वाक्य तिथून उचलावं लागंल." नाथा म्हणाला, मिठागरात. "नक्की?" "नक्की, फादर." "मग लिहितो. बघ हां, हात थरथरतो माझा. लिहिलेलं खोडायला गेलो तर कागद फाटतो." एवढं सगळं पाकिटात तयार होतं. एकतीस मार्च एकोणनव्वद ही विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदत. त्यानंतर नोंदणी रद्द, आठ वर्षं वाया, आणि दर जूनला नव्याने नेमणूक होणारा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नाथा नाखवा निवृत्त होणार. आणि आता ही कोरी बशी सांगत होती की बुरशी चिखलातून आलेली नाही. मग ती कुठून आली?

पहिला संशय बाबुरावांवर. ते खडवलीहून यायचे, येताना पिशवीत भाजी, कधी मासे, एकदा जिवंत कोंबडी, आणि तीच पिशवी बश्यांच्या कपाटाखाली ठेवायचे. नाथाने त्यांच्यावर आठवडाभर पाळत ठेवली. पाळतीतून निष्पन्न झालं ते असं की बाबुराव दिवसातून चार वेळा हात धुतात, म्हणजे स्टाफरूममधल्या कुठल्याही डॉक्टरेटवाल्यापेक्षा चार वेळा जास्त. त्यामुळे संशय उलट वाढला. इतके हात कोण आणि कशाला धुतं? हे नाथाला कळायला हवं होतं, कारण तो स्वतः पाच वेळा धुवायचा. एकोणऐंशी साली पहिल्यांदा स्टाफरूममध्ये जाऊन बसला तेव्हा शेजारच्या प्राध्यापकांनी उठून खिडकी उघडली होती. जून महिना होता, खिडकी कुणीही उघडली असती, पण नाथाने ती नोंद ठेवली. पुढच्या दहा वर्षांत अशा एकतीस नोंदी झाल्या. कुणी चहाचा कप त्याच्या हातून घेताना कानाऐवजी बुडाला धरला. कुणी विचारलं, नाखवा म्हणजे नेमके कुठले? कोलशेत म्हटल्यावर "अच्छा, खाडीवरचे" आणि नाकाची किंचित हालचाल. हालचाल झाली होती की नाही हे सिद्ध करायला कोरी बशी नव्हती. तो पावडर लावायचा, खिशात वेलदोडा ठेवायचा, आणि लग्न झाल्यावर त्याने शालूला एकच अट घातली की डोंबिवलीच्या घरात सुकी मासळी यायची नाही. शालू कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. बाजारातून मासळी विकत आणणारे कोळी ते. ती हसून म्हणाली होती, "कोळ्याच्या घरी देऊन बोंबील बंद? माहेरी सांगू नको हां, परत नेतील मला."

दुसरा संशय घरातच होता, आणि बुरशीशी त्याचा संबंध नसल्यामुळे तो नाथाला जास्त छळायचा. तीनेक आठवडे झाले, शालू उजवी मूठ मिटलेली ठेवत होती. ती डोंबिवलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आधी त्याला वाटलं, बोटं दुखत असतील. मग त्याने पाहिलं की ती हाताशी रुमाल धरते, भांडी घासताना पाठ करते, आणि एकदा चक्क डाव्या हाताने पोळी वाढली. शालू डाव्या हाताने पोळी वाढते म्हणजे पृथ्वीवर काहीतरी घडतंय. तळहातावर काय असू शकतं याची त्याने गाडीत बसून यादी केली होती: लिहिलेला नंबर, लिहिलेलं नाव, मेंदी, अंगठीचा वळ. अंगठीचा वळ तळहातावर दिसणार नाही म्हणून ते खोडलं. नाव आणि नंबर राहिले. एक्स्चेंजमध्ये दिवसाला हजार माणसांचे नंबर हिच्या हातून जातात. त्यातला एक हातावर राहिला तर? कोऱ्या बशीत ठिपका दिसला त्या संध्याकाळी तो जेवता जेवता म्हणाला, "हाताला काय झालंय?" "कुठे काय?" "मुठीत काय आहे?" "रुमाल." "रुमालात?" "घाम. दाखवू?" असं म्हणून ती हसली, आणि तिने दाखवला नाही. मिठाची वाटी तिने डाव्या हाताने त्याच्याकडे सरकवली. मीठ हातात द्यायचं नाही, भांडणं होतात, हे तिच्या माहेरी सगळे पाळायचे आणि तीही पाळायची. आज मात्र नाथाला ते सोयीचं कारण वाटलं. रात्रभर त्याला बशीतली आणि मुठीतली अशा दोन्ही गोष्टी एकच वाटत राहिल्या. कुणीतरी, कुठूनतरी, झाकण उघडून आत आलं होतं.

संशयाला शिस्त लावली की त्याला प्रयोग म्हणतात, असं गुप्तेबाई सांगायच्या. नाथाने चोवीस कोऱ्या बश्या केल्या: आठ बाबुरावांच्या हातून ओतलेल्या, आठ गुप्तेबाईंच्या, आठ स्वतःच्या. बाईंनी हातमोजे घातले, बाबुरावांनी हात धुतले, नाथाने दोन्ही केलं. म्हणजे आधी हात धुतले आणि मोजे शेवटी, बश्या ओतून झाल्यावर, आठवण झाली तेव्हा घातले. अकराव्या दिवशी बाबुरावांच्या आठही बश्या आरशासारख्या. बाईंच्याही. नाथाच्या आठांपैकी सहांत ठिपके. तो स्टुलावर बसला. बाबुरावांनी बश्यांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि दाढीच्या खुंटांवरून हात फिरवत म्हणाले, "सर, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला."

"तुम्ही शेवटी चिमूट टाकता."

"कसली चिमूट?"

"मिठाची. काट्यावर सगळं मोजून घेता, कुकरमध्ये उकळता, उतरवता, आणि ओतायच्या आधी बरणीतलं मीठ चिमटीत घेऊन वरनं सोडता. वर हात झटकता. आमची ही आमटीत टाकते ना, सेम तशी."

"मी?"

"दरवेळी, सर. मला वाटलं शास्त्रच आहे ते. मी एकदा टाकायला गेलो तर तुम्हीच ओरडलात, मोजल्याशिवाय काही घालू नका म्हणून."

नाथाने बाबुरावांना समोर उभं केलं आणि पुन्हा आगार शिजवला. या वेळी तो स्वतःच्या हातावर पाळत ठेवून होता. मीठ मोजलं, कुकर लावला, उतरवला. हात स्वस्थ होता. नाथाने मनात म्हटलं, बघा, नाही टाकत. आणि तेवढ्यात, तो असं म्हणत असतानाच, उजवा हात टेबलावरून उठला, बरणीत गेला, अंगठा आणि दोन बोटं एकत्र आली, भांड्यावर येऊन सैल झाली, आणि मग दोनदा झटकली गेली. गेली आठ वर्षं हा हात त्याच्या नकळत स्वयंपाक करत होता. आणि झटकण्याची ती तऱ्हा, मनगट आधी आत मग बाहेर, त्याच्या ओळखीची होती. कोलशेतच्या घराच्या मागच्या पडवीत आई, मनुबाई, उकिडवी बसलेली, पुढ्यात पिंप, मासळीचा थर, मिठाचा थर, मासळीचा थर, मिठाचा थर, आणि पिंप भरलं की सगळं झाल्यावर वरून एक चिमूट. लहान नाथा पिंपाच्या कडेला लोंबकळून विचारायचा, एवढं टाकलंस ना, आता ही कशाला? आई म्हणायची, ती मिठाची होती, ही माझी. त्या पडवीचा वास आत्ता प्रयोगशाळेत आला. त्याने खिशातला वेलदोडा चाचपला. मग त्याने तळहात उलटा केला. करंगळीखाली, हाताच्या कडेला, चहा सांडल्यासारखा फिकट तपकिरी डाग होता. हा सिल्व्हर नायट्रेटचा डाग, असं तो सगळ्यांना सांगायचा. प्रयोगशाळेतल्या माणसाच्या हातावर असतोच. खरं म्हणजे सिल्व्हर नायट्रेटची बाटली त्याने हातात धरली ती अठराव्या वर्षी, आणि कॉलेजात नाव घालायच्या आदल्या आठवड्यात, सतराव्या वर्षी, हाच डाग त्याने विहिरीवर बसून टाचा घासायच्या वजरीने रक्त येईपर्यंत घासला होता. दोन्ही गोष्टी त्याला नीट आठवत होत्या. फक्त त्यांची गाठ त्याने कधी पडू दिली नव्हती. त्याने एक मोठी बशी घेतली आणि तिच्यावर तळहात दाबला. अकराव्या दिवशी बशीत अख्खा हात होता असं म्हणवत नाही, पण करंगळीखालची कड होती, काळीभोर, मखमली, वहीच्या कोपऱ्यावर शाईचं बोट उठावं तशी. दरम्यान बाबुरावांनी उकळलेल्या चमच्याने मिठागरातून आणलेल्या साठ नमुन्यांत तिचा मागमूसही नव्हता.

गुप्तेबाईंनी ती बशी अगदी नाकाशी धरून पाहिली. त्या इतक्या जवळून काही बघू लागल्या की नाथाला वाटायचं त्या वास घेताहेत. "म्हणजे मिठागर नव्हे, माणूस," त्या अखेर म्हणाल्या. "हे तर अधिकच चांगलं, नाखवा." नाथाला त्यात चांगलं काही दिसेना. नवीन प्रजाती, सापडण्याचं ठिकाण: लेखक. हा निबंध छापून स्टाफरूमच्या टेबलावर येणार. एकतीसच्या एकतीस नोंदी खऱ्या ठरणार. माणसाला काहीतरी येत होतं ते उगीच नाही, असं सगळे म्हणणार, लॅटिनमध्ये म्हणणार. "पण एवढ्यावर भागायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही आठ वर्षं त्या मिठागरात कोपरापर्यंत हात घालताय. उद्या कुणी म्हणेल, हातावरची बुरशी मिठागरातून लागली. हातावरून मिठागरात गेली, की मिठागरातून हातावर आली, हे तुमच्या हातावरून कळणार नाही. दुसरा हात आणा."

"कुणाचा?"

"कधीही मिठागरात न गेलेल्या माणसाचा. आणि त्याच्यावर ती असली पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही. तुम्ही मला ओळखता."

रविवारी तो कोलशेतला गेला. आई पडवीतच होती, पिंपाशेजारी, फक्त आता उकिडवं बसवत नाही म्हणून पाटावर. "आयलास काय रं नाथा? बस. मासली खातंस?" तो नको म्हणाला. "आयशीच्या घरी पन नको? बरा. पानी तरी पी." त्याने विचारलं, तुझा हात दाखव. तिने ओले हात लुगड्याला पुसून पुढे केले, जसे शाळेत नखं दाखवायला करतात. उजव्या तळव्याच्या मध्यभागी काळा डाग, रुपयाएवढा, कडा नकाशासारख्या. त्याने तो लहानपणापासून पाहिला होता, म्हणजे कधीच पाहिला नव्हता. "हा डाग तुला कधीपासून?"

"डाग नाय रं तो. आवडाबायनं दिला. माजे सासूनं." मनुबाईने पिंपावर फडकं टाकलं. "मी लगीन होऊन आयले तवा तिनं माजे हातान मीठ दिलान, मूठ मिटवलान, आनि आपले दोन हातांन धरून बसली. भरती लागंपावत सोडलान नाय. माजा हात नुसता ठनकला. मंग चार वर्सांनी उठला. तवापासून पिंपाची शेवटची चिमूट माजी. त्याबिगर मासली टिकत नाय."

"मला कसा आला मग?"

"तू पिंपान बसायचास ना! पोर हाय का माकड, कोन सांगंल?" ती हसली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "शालूला उठला का?"

नाथाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्र्याऐंशी साल, कल्याणचा हॉल, लाउडस्पीकर. आईने नव्या सुनेचा हात ओढून त्यात मीठ घातलं तेव्हा शालूची मावशी भागीरथी किंचाळली होती, अगो बाई, मीठ हातात देतात का कधी, संसारात भांडणं लागतील! सगळा हॉल बघत होता. आणि नाथा, कॉलेजातले चार सहकारी पहिल्या रांगेत बसलेत हे बघून, मान वळवून लाउडस्पीकरवाल्याला आवाज कमी करायला सांगत राहिला होता. आईने शालूची मूठ किती वेळ धरली हे त्याने पाहिलंच नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "म्हणजे, माहीत नाही."

"उठंल. बाईचा मन त्या घरान बसला का उठतो." मनुबाईने जरा विचार केला. "नायतर पावसाल्यान उठतो."

तो संध्याकाळी साडेसहाला डोंबिवलीला पोहोचला तेव्हा शालू गॅलरीत कपडे काढत होती, डाव्या हाताने. "मूठ उघड," तो म्हणाला. त्याला हे वेगळ्या आवाजात म्हणायचं होतं, पण तीन आठवड्यांचे नऊ झाले होते आणि आवाज तयार होऊन बसला होता. शालूने कपडे खुर्चीवर ठेवले आणि मूठ उघडली. नंबर नव्हता, नाव नव्हतं. तळव्याच्या मध्यभागी सोललेली लालसर कातडी, आणि तिच्या कडेने जेमतेम दिसेल अशी तपकिरी रेघ. "जाईल म्हणालेत," ती घाईने म्हणाली. "चांगला डॉक्टर आहे, स्टेशनसमोरचा, स्किनचा. दोन वेळा मलम लावते. मोठा होता रे, काळा. मला वाटलं गजकर्ण असेल, नाहीतर ते दुसरं, ज्याचं नाव घेत नाहीत. एक्स्चेंजला कुणी हेडफोन शेअर केला नसता माझ्याशी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ती हसली, पण हसू अर्ध्यात थांबलं. "तुला सांगायचं म्हणजे तू आधी दाराकडे बघणार, कोण आलं होतं म्हणून. मग माझा हात कपाटात ठेवणार, बशी घालून. आणि मला म्हटलं, ह्याला आधीच सगळ्यांचा वास येतोय, त्यात माझा कुठे." नाथाने खुर्चीतले कपडे बाजूला केले आणि बसला. गेले नऊ आठवडे, जेवणाच्या टेबलाच्या दोन बाजूंना, दोन माणसं आपापला हात लपवून बसत होती. त्याने आपला तळवा तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगितलं, पिंप, आवडाबाई, भरती. शालूने दोन्ही डाग शेजारी शेजारी धरून पाहिले. "म्हणजे हे आईंनी दिलेलं होतं," ती म्हणाली, "आणि मी त्याला मलम लावून लावून मारत बसले." मग तळव्यावरून अंगठा फिरवत, "मेला असेल का रे?"

सोमवारी ती जेवणाच्या सुट्टीत कल्याणला आली. बशी बाबुरावांनी ओतली, नाथाला त्यांनी तीन पावलं लांब उभं केलं. "दाबा वहिनी." "किती?" "पोस्टाचं तिकीट चिकटवता ना, तेवढं." बशीवर तारीख पडली, सहा मार्च. आईचा जन्म मिठागरातून मीठ आणण्यात गेला होता, पण शालू कधी मिठागरात गेली नव्हती. कोलशेतलाच वर्षातून एकदा जायची, गणपतीत. याहून निर्मळ हात मिळणार नव्हता, आणि निर्मळपणाचीच भीती होती. घरी मलमाची ट्यूब तशीच कपाटावर होती. शालूने ती लावणं थांबवलं होतं, आणि नाथा रोज तिच्या तळव्याकडे बघायचा नाही असं ठरवून बघायचा. अकराव्या दिवशी, शुक्रवारी, बशी कोरी होती. भिंग लावून पाहिलं, तिरप्या उजेडात पाहिलं. कोरी बशी आपलं काम चोख करत होती. एकतीस मार्चला चौदा दिवस. दुसरी बशी घालून अकरा दिवस थांबायला वेळ होता, पण दुसऱ्या बशीतही तोच मलम लावलेला हात येणार होता. बाबुराव घंटा द्यायला गेले होते. नाथाने झाकण उचललं. त्याच्या हाताला स्वतःचं ज्ञान असतं हे आता त्याला ठाऊक होतं. अंगठा आणि दोन बोटं जवळ येऊ लागली होती. नुसता स्पर्श. आणि त्यात खोटं तरी काय होतं? बुरशी तीच, घर तेच, डाग देणारी बाई तीच. मलम मधे आलं नसतं तर जे उगवलं असतं तेच उगवणार. जगात कुणालाही, गुप्तेबाईंनासुद्धा, कधीही कळलं नसतं. ज्याच्यावर दहा वर्षं सगळे संशय घेताहेत असा त्याला संशय होता तो माणूस आता कुठे संशयाला पात्र होत होता. घंटा झाली. नाथाने झाकण ठेवलं, उजवा हात पँटच्या खिशात घातला, आणि तो खिशातच ठेवून, डाव्या हाताने कुलूप लावून, चावी घेऊन घरी गेला. शनिवारी सुट्टी होती. शनिवार-रविवार तो हात त्याने जेवायला आणि आंघोळीला तेवढा बाहेर काढला.

सोमवारी बशीत ठिपका होता. मोहरीएवढा, बरोबर मध्यभागी, जिथे तळव्याचा मध्य टेकला होता. नाथाने दाराकडे पाहिलं. "बाबुराव, सुट्टीत कुणी आलं होतं का?" "मी खडवलीला होतो, सर. आणि चावी तुमच्याकडे." चावी खरंच त्याच्याकडे होती. या खोलीत शिरू शकणारा एकच माणूस होता आणि त्याच्यावर नाथाचा भरवसा कधीच नव्हता. शुक्रवारी झाकण उचललं होतं; बोटं जवळ आली होती; टेकली नव्हती. टेकली नव्हती ना? चिमूट तरी कुठे आठवत होती, आठ वर्षं? तो बशी घेऊन ठाण्याला गेला आणि गुप्तेबाईंना त्याने शुक्रवारचं सगळं सांगितलं, झाकणासकट. बाईंनी भिंगातून पाहिलं. ठिपक्याची जागा त्यांनी पट्टीने मोजली, शालूच्या तळव्याच्या आराखड्यावर ठेवून पाहिली. "तुम्ही हात लावलात?" "नाही." "बरं," असं म्हणून त्यांनी पेन उघडलं आणि सही केली. एवढंच. या बाईने आठ वर्षांत त्याच्या मोजपट्टीवरही विश्वास ठेवला नव्हता. त्याने विचारलं, "बाई, तुम्ही असं कसं मानलंत?" बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बोट टेकवणारा माणूस मध्यभागी टेकवत नाही, नाखवा. तो कडेला टेकवतो, चुकून झाल्यासारखं. आणि टेकवून मला येऊन सांगत नाही." मग पेनाला टोपण लावत, "शिवाय कधीतरी कुणावर तरी विश्वास ठेवायला हवा. मी तुमच्यापासून सुरुवात करते."

फादर लिओनार्डनी जुना कागद फाडला, खोडला नाही. "मिठागर नाही तर मग कुठं?" "दोन बायकांच्या हातावर," नाथा म्हणाला, आणि माझ्या, असं पुढे जोडलं. फादरनी त्याच्याकडे पाहिलं, कबुलीजबाबाला बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं, आणि लिहायला घेतलं. हात थरथरत होता, पण अक्षर सुटलं नाही. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा नाथाने आईचं सांगितलं. शालूला विचारलं होतं; ती म्हणाली होती, "बुरशीला माझं नाव दिलंस तर बघ." शेवटी नमुना. काळी झालेली बशी त्याने भट्टीत वाळवली, पापुद्रा सोडवला, पाकिटात घातला. सोबतच्या फॉर्मवर प्रश्न होता, नमुना मृत आहे काय? सगळ्या निबंधात खोटं असं एकच वाक्य नाथाने लिहिलं, ते इथे: होय.

त्या संध्याकाळी घरात बोंबलाचा वास होता. शालूने विचारलं नव्हतं आणि नाथाने खिडकी उघडली नाही. मलमाची ट्यूब तिने टाचांच्या भेगांना लावून संपवत आणली होती. जेवताना तिने आमटी चाखली, तोंड वाकडं केलं, आणि मीठ मागितलं. नाथाने सवयीने वाटी सरकवायला बोट लावलं. मग थांबला. "हात कर," तो म्हणाला. "अरे, भांडणं होतात." "हात कर गं." तिने उजवा हात पुढे केला. मध्यभागी डाग पुन्हा गडद होऊ लागला होता. नाथाने चिमूट घेतली, तिच्या तळव्यावर सोडली, मनगट आधी आत मग बाहेर झटकलं, आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवून धरली. आमटी गार होत होती. "किती वेळ?" शालू म्हणाली. भरती कधी आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि डोंबिवलीत ती कळायला मार्गही नव्हता. म्हणून त्याने सोडलं नाही.